घरातली खरूज कशी घालवावी

महाबळेश्वरचा पाऊस आपल्याला नवा नाही. जून लागला की ढग खाली उतरतात, ते सप्टेंबरपर्यंत हलत नाहीत. वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस इथे पडतो. त्या दिवसांत ऊन म्हणजे कधीमधी येणारा पाहुणा. कपडे चुलीवरच्या दांडीवर वाळत घालायचे आणि अर्धे ओले असतानाच अंगात घालायचे. रात्री दार लावून चुलीच्या उबेला सगळ्यांनी जवळजवळ निजायचे. एका घोंगडीत दोन पोरे, दुसरीत आजी आणि नात. थंडीच तशी असते. दुसरे करणार काय?

अशा घरात एखादे पोर रात्री खाजवू लागते. दिवसा ते बरे असते. खेळते, जेवते, शाळेत जाते. रात्री अंथरुणात ऊब आली की बोटांच्या बेचक्यांत खाज सुटते. मग मनगट, मग काखा, मग कंबर. पोर झोपत नाही आणि आईलाही झोपू देत नाही. ही खरूज. नाव काढले की माणूस मान खाली घालतो. म्हणूनच या धड्यात आपण तिच्याबद्दल उघड बोलू.

समजा, तापोळ्याच्या अंगाला, कोयनेच्या पाण्याकाठी एक घर आहे. घरात आजी, सून आणि तीन नातवंडे. आजीचा मुलगा मुंबईला ओझी वाहण्याच्या कामाला आहे. गाळ्यावर आठ-दहा जणांत राहतो. गणपतीला तो पाच दिवस गावी आला. त्याच्या अंगाला थोडी खाज होती, पण मुंबईचा घाम म्हणून त्याने तिकडे लक्ष दिले नाही. धाकटा मुलगा वडिलांना सोडीना. पाचही रात्री तो त्यांच्या कुशीत झोपला. वडील मुंबईला परत गेले. दसरा आला आणि धाकट्याला खाज सुटली.

सून म्हणाली, "आत्या, पोरगं रातभर खाजवतंय."

आजी म्हणाली, "आगं, सणाचं गोडधोड खाल्लं. उष्णता उठलीया. सब्जा दे पाण्यातनं."

आजीचे काही चुकले असे आम्ही म्हणणार नाही. दसऱ्याला गोड खाल्ले आणि दसऱ्याला खाज सुटली, तर माणूस या दोन गोष्टींची सांगड घालणारच. पण खरे कारण गणपतीत घडले होते. भाद्रपदातल्या चतुर्थीपासून आश्विनातल्या दशमीपर्यंत मोजून पाहा. पाच आठवडे होतात. खरूज पहिल्यांदा लागली की खाज सुटायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत अंगावर काही दिसत नाही आणि माणूस स्वतःला निरोगी समजतो. पण याच काळात त्याच्यापासून दुसऱ्याला लागण होऊ शकते. या धड्यातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली, तर ही ठेवा.

असे का होते, ते पाहू. खरूज उष्णतेने होत नाही, रक्त बिघडून होत नाही आणि देवाच्या कोपानेही होत नाही. तो एक किडा आहे. गुरांच्या अंगावर गोचीड असते, तिच्या नात्यातला. त्याला गोचिडीसारखेच आठ पाय असतात. पण तो इतका लहान की एका मिलिमीटरात त्याची दोन-तीन माद्या ओळीने मावतील. नुसत्या डोळ्याला तो दिसला तर एखादा ठिपका दिसतो. त्याला उडता येत नाही, उडी मारता येत नाही. तो फक्त चालतो. मादी कातडीच्या वरच्या पापुद्र्यात बीळ करते आणि त्यात राहते. रोज दोन-तीन अंडी घालते. तीन-चार दिवसांत अंड्यांतून पिले निघतात, आणि दहा-पंधरा दिवसांत ती मोठी होऊन पुन्हा बिळे करतात. मादी महिना-दीड महिना जगते. नीट पाहिले तर बोटांच्या बेचक्यात किंवा मनगटावर हे बीळ राखाडी, वाकड्या, बारीक रेघेसारखे दिसते. शिसपेन्सिलीने कोणी पुसट रेघ ओढावी तसे.

खाज येते ती किडा चावल्यामुळे नव्हे. किडा, त्याची अंडी आणि त्याची विष्ठा कातडीत राहतात. शरीराला हा पाहुणा परका आहे हे ओळखायला महिनाभर लागतो. ओळखले की शरीर चिडते आणि सगळ्या अंगाला खाज सुटते. पुढे कधी पुन्हा लागण झाली तर शरीराला जुनी ओळख असते, म्हणून खाज एक ते चार दिवसांतच सुटते.

मराठीत 'खाजवून खरूज काढणे' असे म्हणतात. उगाच भांडण उकरून काढणाऱ्याला ते शोभते, पण रोगाला लागू पडत नाही. खाजवल्याने खरूज होत नाही. खाजवल्याने जखम होते आणि तिच्यात पू होतो, ती गोष्ट निराळी. तिच्याकडे आपण पुढे येऊ.

हा किडा शिकलेल्या माणसांना सापडायला फार दिवस लागले. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत पामा या नावाने अशा खाजेचे वर्णन आहे. पण कारण कोणाला दिसले नव्हते. १६८७ साली इटली देशात बोनोमो नावाच्या डॉक्टराने आणि चेस्तोनी नावाच्या औषधविक्याने सुईच्या टोकावर किडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि त्याचे चित्र काढले. हे त्यांना सुचले कशावरून? गरीब बाया आपल्या पोरांच्या हातांतून टाचणीने काहीतरी काढून नखावर चिरडतात, हे पाहून. मोठ्या डॉक्टरांनी मात्र त्यांचे मानले नाही. रक्त बिघडल्याचीच जुनी गोष्ट चालू राहिली. पुढे १८३४ साली रेनुची नावाच्या विद्यार्थ्याने पॅरिसच्या इस्पितळात सगळ्यांसमोर सुईने किडा काढून दाखवला. तो कोर्सिका बेटावरचा. त्यानेही ही विद्या आपल्याकडच्या बायांकडूनच पाहून घेतली होती. तेव्हा कुठे वाद मिटला. बायांना जे चुलीपाशी ठाऊक होते, ते पंडितांना पटायला दीडशे वर्षे गेली.

खरूज लागते कशी? अंगाला अंग बराच वेळ लागले म्हणजे. हात मिळवला, बाजारात धक्का लागला, एवढ्याने सहसा लागत नाही. एका अंथरुणात झोपणे, मूल कडेवर घेणे, नवरा-बायकोचा सहवास, यातून लागते. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ च्या सुमारास, इंग्लंडात शेफील्ड इथे मेलनबी नावाच्या शास्त्रज्ञाने याचा कस लावून पाहिला. लढाईवर जायला नकार दिलेले काही तरुण आपण होऊन त्याच्या प्रयोगासाठी पुढे आले. खरूज झालेल्या शिपायांच्या न धुतलेल्या घोंगड्यांत ते उघड्या अंगाने झोपले. आश्चर्य असे, की बहुतेकांना काहीच झाले नाही. पण रोग्याशेजारी झोपले तेव्हा लागण झाली. त्याने शेकडो रोग्यांच्या अंगावरचे किडे मोजले. एका माणसाच्या अंगावर सरासरी दहा-बारा माद्या निघाल्या. एवढ्याशा दहा-बारा जीवांनी अख्ख्या माणसाची झोप उडते!

म्हणून कपडे धुवावेत, पण सगळा भर कपड्यांवर देऊ नये. सगळी अंथरुणे उकळून माणसांना औषध लावायचे राहिले, तर श्रम फुकट जातील.

आणि स्वच्छतेचे काय? रोज अंघोळ करणाऱ्या, साबण लावणाऱ्या घरातही खरूज होते. किडा कातडीच्या आत असतो. पाण्याने तो मरत नाही. वसतिगृहात, आश्रमशाळेत, पाचगणीच्या मोठ्या शाळांतल्या मुलांतही ती होऊ शकते, कारण तिथे मुले दाटीने राहतात. ज्याला खरूज झाली तो घाणेरडा, असे म्हणणे हा अडाणीपणा आहे. त्या भीतीने माणसे रोग लपवतात, आणि लपवला की तो घरभर पसरतो. कुत्र्याच्या लुतीचा किडा याच जातीचा, पण वेगळा. त्याने माणसाला थोडे दिवस खाज येते. तो माणसाच्या अंगावर टिकून वाढत नाही.

आता आपल्या त्या घराकडे परत जाऊ. सब्जाने खाज गेली नाही. सुनेने औषधांच्या दुकानातून विचारून एक ट्यूब आणली. चार दिवसांत खाज कमी झाली. सगळ्यांना वाटले, सुटलो. पंधरा दिवसांनी अंग पहिल्यापेक्षा जास्त फुटले, पोटापर्यंत पुरळ आले. असे का झाले? दुकानात सहज मिळणाऱ्या कितीतरी मलमांत स्टेरॉइड नावाचे द्रव्य असते. त्याने शरीराची चीड दबते, म्हणून खाज कमी होते. किडा मात्र मरत नाही. तो निवांत वाढतो. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय असे मलम लावू नये.

मग सून पोराला घेऊन दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी खरजेचे मलम दिले आणि घरच्या सगळ्यांना लावायला सांगितले. पण घरी आल्यावर कोणी लावले? फक्त धाकट्याने. "आम्हाला कुठं खाज हाय?" असे बाकीचे म्हणाले. धाकटा बरा झाला. महिन्याभराने पुन्हा तेच. आता थोरल्यालाही. सून वैतागून म्हणाली, "औषध खोटं हाय."

औषध खोटे नव्हते. धाकट्याच्या अंगावरचे किडे मेले होते. पण तो रोज आजीशेजारी झोपत होता. एके दिवशी आशाताई घरी आल्या. त्यांनी पोराला पाहिले आणि मग आजीकडे वळल्या.

"आजी, तुमचा हात बघू."

"मला काय बी झालं न्हाई, बाई. म्हातारपणाची कातडी. जरा खाजतीया, एवढंच."

आजीच्या मनगटावर तीन रेघा होत्या.

खरजेचा उपाय अवघड नाही, पण तो एका माणसाचा नाही. एका छपराखाली जितके झोपतात, तितक्या सगळ्यांनी एकाच रात्री औषध लावले पाहिजे. ज्याला खाज आहे त्याने आणि ज्याला नाही त्यानेही. एक जण राहिला तर किडे त्याच्या अंगावर टिकतात आणि पुन्हा सगळ्यांकडे येतात.

आज पुष्कळदा पर्मेथ्रिन नावाचे मलम देतात. ते शेकडा ५ या प्रमाणाचे असते. मोठ्या माणसाला एका वेळी साधारण ३० ग्रॅमची एक ट्यूब लागते. लावायचे कसे, ते नीट वाचा, कारण चूक इथेच होते. संध्याकाळची कामे उरका, भांडी घासून घ्या, नखे कापा. अंग कोरडे आणि थंड असू द्या. गरम पाण्याने अंघोळ करून लगेच लावू नका. मानेपासून पायाच्या तळव्यापर्यंत सगळीकडे लावा. जिथे पुरळ आहे तेवढ्याच जागी लावून भागत नाही. बोटांची बेचकी, नखांखाली, काखा, बेंबी, स्तनांखाली, कमरेची घडी, जांघा, गुप्त जागा, ढुंगण, तळवे, काही सोडू नका. पाठीला दुसऱ्याने लावावे. रात्रभर, म्हणजे आठ ते चौदा तास, ते अंगावर राहू द्या. मध्येच हात धुतले तर हातांना पुन्हा लावा. घरातल्या बाईचे हात सारखे पाण्यात असतात, आणि तिचीच खरूज मागे राहते. सकाळी अंघोळ करा. हेच सगळे सात दिवसांनी पुन्हा एकदा करा, म्हणजे मधल्या काळात अंड्यांतून निघालेली पिलेही मरतील.

लहान बाळाच्या डोक्याला, कपाळाला आणि कानांमागेही लावावे लागते. डोळे आणि तोंड सांभाळावे. त्याच्या तळहातांना, तळव्यांनाही लावावे आणि हात तोंडात जाऊ नयेत म्हणून मऊ कापड गुंडाळावे. पाजणाऱ्या आईने पाजण्याआधी स्तन पुसून घ्यावेत आणि नंतर पुन्हा औषध लावावे. दोन महिन्यांच्या आतले बाळ असेल किंवा बाई गरोदर असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. त्यांच्यासाठी गंधकाचे मलमही असते. त्याला वास येतो, कपड्यांना डाग पडतात, ओळीने तीन रात्री लावावे लागते, पण ते जुने आणि भरवशाचे औषध आहे. बेंझिल बेंझोएट नावाचे पातळ पांढरे औषधही मिळते. ते झोंबते, आणि मुलांसाठी पातळ करून घ्यावे लागते. ते कसे लावायचे हे दवाखान्यातून विचारून घ्या.

आयव्हरमेक्टिन नावाची गोळीही आहे. हे औषध जपानातल्या मातीतल्या एका जंतूपासून निघाले, आणि त्या शोधाबद्दल ओमुरा आणि कॅम्पबेल या शास्त्रज्ञांना २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. गोळी वजनाप्रमाणे घेतात, आणि एक-दोन आठवड्यांनी दुसऱ्यांदा घेतात. गरोदर बाईला आणि १५ किलोंपेक्षा कमी वजनाच्या मुलाला ती देत नाहीत. म्हणून ती डॉक्टरांनीच द्यावी.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. आपल्या भागात स्ट्रॉबेरीची शेती आहे. घराघरात फवारणीची औषधे असतात. 'किडाच मारायचा आहे ना' म्हणून कोणी ते औषध पातळ करून पोराच्या अंगाला लावू नका. ते कातडीतून रक्तात जाते आणि जीव घेऊ शकते. रॉकेलही लावू नका. कडुनिंबाचा पाला, करंजाचे तेल लावून बरे वाटत असेल, पण नुसत्या त्यावर विसंबू नका.

कपड्यांचे काय करावे? औषध लावाल त्या सकाळी, मागच्या तीन दिवसांत अंगावर असलेले कपडे आणि पांघरुणे कढत पाण्यात धुवा आणि उन्हात वाळवा. पण इथे पावसात ऊन कुठून आणायचे? घोंगडी तर उकळताही येत नाही. त्याला सोपी युक्ती आहे. घोंगड्या, गोधड्या प्लास्टिकच्या पिशवीत किंवा पोत्यात घट्ट बांधा आणि आठवडाभर बाजूला ठेवा. माणसाच्या अंगावाचून हा किडा सहसा दोन-तीन दिवसांत मरतो. गार, दमट हवेत तो थोडा अधिक टिकतो, म्हणून आपल्याकडे पूर्ण आठवडा धरावा. तेवढे दिवस शेजाऱ्यांकडून पांघरूण मागायचे नाही, नाहीतर रोगाची देवघेव होईल.

औषध लावल्यावर दुसऱ्या दिवशी मूल शाळेत जाऊ शकते. पण खाज लगेच थांबत नाही. किडे मेले तरी त्यांचे अवशेष कातडीत असतात. कातडीचा वरचा थर झडून नवा येईपर्यंत दोन ते चार आठवडे खाज राहते. रोज थोडी थोडी कमी होत जाते. लोक इथेच घाबरतात आणि रोज औषध चोळत बसतात. त्याने कातडी पोळते आणि खाज आणखी वाढते. चार आठवड्यांनंतरही खाज तशीच राहिली किंवा नव्या रेघा दिसल्या, तर मात्र पुन्हा दाखवावे.

खरजेने माणूस मरत नाही, असे म्हणतात. ते पूर्ण खरे नाही. खाजवून जखमा होतात, त्यांत जंतू शिरतात, पू होतो. त्यातल्या काही जंतूंमुळे पुढे मुलांच्या मूत्रपिंडाला सूज येते. सकाळी उठल्यावर पोराचा चेहरा, डोळे सुजलेले दिसले, लघवी लालसर किंवा चहासारखी झाली, किंवा ती कमी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. फोडांत पू, अंगात ताप असला तरी थांबू नका. म्हाताऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या हातापायांवर जाड खपल्या धरल्या असतील तर तीही खरूज असू शकते. तिच्यात किडे हजारोंनी असतात आणि खाज थोडी असते. तिचा उपचार डॉक्टरच करतील. महाबळेश्वरला ग्रामीण रुग्णालय आहे, तळदेव आणि तापोळा इथे प्राथमिक आरोग्य केंद्रे आहेत.

सगळ्यांनी मिळून औषध घेतले तर काय होते, ते फिजी बेटांवर दिसले. ही बेटे फार दूर, समुद्रात आहेत. उसाच्या मळ्यांत राबायला आपल्या देशातून पुष्कळ माणसे तिथे नेली होती. काही बेटांवर फक्त रोग्यांना आणि त्यांच्या जवळच्यांना औषध दिले. तिथे वर्षभरात खरूज निम्म्यावर आली. दुसऱ्या काही बेटांवर सगळ्याच लोकांना आयव्हरमेक्टिन दिले, आणि ज्यांना गोळी चालत नव्हती त्यांना मलम. तिथे आधी शंभरात ३२ जणांना खरूज होती. वर्षाने शंभरात दोघांनाच राहिली. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या दोन वर्षांनी, २०१७ साली, जागतिक आरोग्य संघटनेने खरजेला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घेतले.

तापोळ्याकडच्या आपल्या घरात आशाताईंनी कॅलेंडरवर दोन खुणा केल्या. एक त्या रात्रीची, दुसरी आठव्या रात्रीची. आजीने आढेवेढे घेतले, पण सुनेने तिच्या पाठीला मलम लावले आणि आजीने सुनेच्या. पोरांना तर मजाच वाटली. सगळे मलम लावून बसले तेव्हा सुनेला आठवले, अजून एक माणूस राहिला आहे. तिने मुंबईला फोन लावला. "अवो, तुम्ही बी दवाखान्यात जावा. आन एकटं नगा जाऊ. गाळ्यावरच्या समद्यांना संगं न्या." पलीकडून तो म्हणाला, "दहा जणांना कसं सांगू? लाज वाटती." फोन आजीने हातात घेतला.

"माझं नाव सांग," आजी म्हणाली. "म्हणावं, माझ्या आईला झालीया. म्हातारीला लाज न्हाई वाटली, मग तुमास्नी कसली?"